स्पेनचा पाऊस : प्रदेश, ऋतू आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण, नोकरी किंवा सहलीच्या निमित्ताने स्पेनला जाणाऱ्या मराठी माणसाकडे तेथील पावसाविषयी बहुधा एकच माहिती असते, ती म्हणजे शाळेच्या भूगोलातली : भूमध्य सागरी हवामानात उन्हाळे कोरडे आणि हिवाळे पावसाचे असतात. हे विधान सेव्हिलला चपखल लागू पडते. बिल्बाओला ते मुळीच लागू होत नाही, व्हॅलेन्सियाला निम्मे लागू होते आणि झारागोझाला ओढूनताणून लावावे लागते. म्हणून पुढील उत्तरांत देशाच्या सरासरीपेक्षा पाऊस कोठे पडतो, केव्हा पडतो आणि कोणत्या समुद्राकडून येतो, यांवर अधिक भर दिला आहे.

स्पेनमध्ये वर्षभरात एकूण किती पाऊस पडतो?

१९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींनुसार स्पेनच्या मुख्य भूमीवरील वार्षिक सरासरी सुमारे ६४० मिमी आहे. हा आकडा धरणांतील पाण्याच्या हिशेबाला उपयोगी आहे. पण एखाद्या गावी किती पाऊस पडेल याचा अंदाज त्यावरून बांधू नये. वायव्य टोकाच्या गॅलिसियातील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे वर्षाला सुमारे १,८०० मिमी पाऊस पडतो, तर आग्नेय टोकाच्या आल्मेरियात सुमारे २०० मिमी. माद्रिदला ४२० मिमीच्या आसपास, झारागोझाला सुमारे ३२० मिमी, सेव्हिलला साधारण ५४० मिमी आणि बार्सिलोनाला सुमारे ६०० मिमी पाऊस मिळतो.

बार्सिलोनाचा हा आकडा लंडनच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. फरक एकूण पावसात नसून पावसाच्या दिवसांत आहे. लंडनमध्ये तेवढेच पाणी शंभराहून अधिक दिवसांत थोडे थोडे पडते. बार्सिलोनात त्याच्या निम्म्या दिवसांत पडून मोकळे होते.

उन्हाळा कोरडा आणि हिवाळा पावसाचा, हा आपल्या अगदी उलट क्रम का?

अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांच्या परिसरात हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा पट्टा असतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो, पसरतो आणि स्पेन व पोर्तुगालवर छत्र धरतो. जास्त दाबाच्या क्षेत्रात हवा वरून खाली उतरत असते. उतरताना ती तापते व कोरडी होते आणि ढग तयार होऊ देत नाही. अटलांटिकवरून येणारी वादळे अशा वेळी या पट्ट्याला वळसा घालून ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियाकडे जातात. ऑक्टोबरच्या सुमारास हा पट्टा दक्षिणेकडे मागे हटतो, पश्चिमी वाऱ्यांचा मार्ग खाली येतो आणि एकामागून एक आवर्त स्पेनच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन आदळू लागतात.

आपल्याकडील मोसमी वाऱ्यांशी याचे साम्य शोधू नये. महाराष्ट्रात जमीन तापते, वाऱ्यांची दिशा ऋतूनुसार उलटते आणि चार महिने पाऊस जवळजवळ ठाण मांडून बसतो. स्पेनमध्ये असा ‘पावसाळा’ नाही. तेथे आवर्ताच्या आघाडीबरोबर पाऊस येतो, दोन-तीन दिवस राहतो आणि पुढे जातो. पुढचे आवर्त चार दिवसांनी येईल की चार आठवड्यांनी, हे त्या वर्षीच्या वातावरणावर ठरते. आगमनाची ठरलेली तारीख नसल्यामुळे ‘यंदा पाऊस वेळेवर आला का’ हा आपला नेहमीचा प्रश्न तेथे त्याच अर्थाने विचारता येत नाही.

संपूर्ण स्पेन भूमध्य सागरी हवामानाच्या प्रदेशात येतो का?

नाही. गॅलिसिया, आस्तुरियास, कांताब्रिया आणि बास्क प्रदेश या उत्तर किनाऱ्याच्या पट्ट्याला ‘हिरवा स्पेन’ म्हणतात आणि हवामानाच्या दृष्टीने त्याचे नाते फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याशी व आयर्लंडशी अधिक जवळचे आहे. कांताब्रियन पर्वतरांग किनाऱ्याला समांतर उभी असल्यामुळे समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा तेथे अडते, वर चढते आणि प्रतिरोध पर्जन्य देते. सान सेबास्तियान येथे वर्षाला सुमारे १,५०० मिमी पाऊस पडतो, बिल्बाओ येथे १,१०० मिमीच्या थोडा वर. बिल्बाओच्या जुलैतही सुमारे ५० मिमी पाऊस असतो, म्हणजे तेथे खरा कोरडा महिना असा नाहीच.

या भागातील पाऊस पुष्कळदा भुरभुरीचा असतो. बास्क लोक त्याला ‘सिरीमिरी’ म्हणतात. छत्री उघडावी की नाही असा संभ्रम पडतो आणि तासाभराने अंगावरचे कपडे चिंब झालेले असतात. गॅलिसियात मात्र हिवाळ्यात चांगली झडही लागते. सांतियागोत ऑक्टोबर ते जानेवारी या काळातील प्रत्येक महिन्याची सरासरी २०० मिमीहून अधिक आहे आणि जुलैची केवळ ४० मिमीच्या आसपास. पावसाचे प्रमाण अटलांटिक वळणाचे असले, तरी ऋतूंचा चढउतार दक्षिणेची आठवण करून देतो.

मध्य स्पेनचे पठार इतके कोरडे का आहे, आणि तेथे पाऊस केव्हा पडतो?

माद्रिद, तोलेदो, सालामान्का, वायादोलिद ही शहरे ज्या उंच पठारावर आहेत, त्याला स्पॅनिश भाषेत ‘मेसेता’ म्हणतात. सर्व बाजूंनी डोंगर असल्यामुळे पठारावर पोहोचेपर्यंत आवर्तांतील बरेचसे बाष्प उतरून गेलेले असते. पुण्याच्या पूर्वेला शिरूर-दौंडकडे जाताना पर्जन्यछाया कशी वाढत जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की येथे पर्जन्यछाया एका बाजूने नव्हे, तर जवळजवळ चहूबाजूंनी पडते.

पठारावरील पाऊस वर्षात दोनदा वाढतो : एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये. माद्रिदला ऑक्टोबरमध्ये सुमारे ६० मिमी आणि मेमध्ये सुमारे ५० मिमी पाऊस पडतो, तर जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी १०-१२ मिमीवर समाधान मानावे लागते. ऐन हिवाळ्यात पठारावरील थंड, जड हवा जास्त दाब निर्माण करते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पाऊस असला तरी तो शिखरावर नसतो. ‘हिवाळे पावसाचे’ या पाठ केलेल्या वाक्यातून मेसेता येथेच निसटते. एब्रो नदीच्या खोऱ्यातील झारागोझा तर आणखी वेगळे आहे. तेथे मे हा वर्षातील सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक आहे.

दक्षिणेत उन्हाळा खरोखरच पूर्ण कोरडा असतो का?

अँडालुसियाच्या पश्चिम भागात जवळजवळ पूर्ण. सेव्हिलची जुलैची सरासरी केवळ २ मिमी आहे, तर नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत मिळून वर्षाचा एक तृतीयांशाहून अधिक पाऊस पडतो. ग्वादालकिविर नदीचे खोरे नैर्ऋत्येकडे अटलांटिकला उघडे आहे. हिवाळ्यातील आवर्त या दारातून थेट आत शिरतात.

स्पेनमधील सर्वाधिक पाऊस उत्तरेतच पडतो, हे बरोबर आहे का?

एकूण प्रदेशाचा विचार केला तर बरोबर. पण याला एक फार सुंदर अपवाद आहे. दक्षिणेच्या कादिस प्रांतात, रणरणत्या उन्हासाठी प्रसिद्ध असलेल्या अँडालुसियात, ग्राझालेमा नावाचे पांढऱ्याशुभ्र घरांचे गाव आहे आणि तेथील वार्षिक सरासरी सुमारे २,००० मिमी, म्हणजे सांतियागोपेक्षाही अधिक आहे. अटलांटिकवरून येणाऱ्या ओल्या नैर्ऋत्य वाऱ्यांना वाटेत भेटणारा पहिला मोठा डोंगर म्हणजे ग्राझालेमाची रांग. वारा चढतो आणि ढग तेथेच रिते होतात. पिन्सापो या दुर्मीळ फर जातीच्या वृक्षांची वने या पावसामुळेच तेथे टिकून आहेत.

महाबळेश्वरच्या पावसाची सवय असलेल्या वाचकाला दोन हजार मिलिमीटरचे विशेष वाटणार नाही. विशेष आहे ते अंतर. ग्राझालेमापासून सरळ रेषेत पूर्वेला सुमारे २६० किमीवर, जवळजवळ त्याच अक्षांशावर, आल्मेरिया आहे. तेथे याच्या दहाव्या हिश्श्याइतका पाऊस पडतो.

मग आल्मेरिया आणि मुर्सिया इतके कोरडे का?

अटलांटिकची आवर्ते आग्नेय कोपऱ्यात पोहोचण्यापूर्वी त्यांना बेटिक पर्वतरांगा आणि सिएरा नेवादा ओलांडावी लागते. सिएरा नेवादातील मुलासेन हे शिखर ३,४७९ मीटर उंच असून मुख्य भूमीवरील सर्वांत उंच आहे. पलीकडे उतरणारी हवा कोरडी आणि उबदार होते. काबो दे गाता या भूशिराजवळ पाऊस २०० मिमीच्याही खाली जातो, आणि तोही वर्षाकाठी पंचवीस-तीस दिवसांत. ताबेर्नास हा उजाड, घळींनी फाटलेला प्रदेश याच भागात आहे. पर्यटनाच्या जाहिराती त्याला ‘युरोपातील एकमेव वाळवंट’ म्हणतात. अर्धवाळवंट म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल, कारण तेथे गवत, झुडपे आणि कधीमधी पूरही असतो.

या कोरडेपणाचा दुसरा चेहरा म्हणजे आल्मेरिया प्रांतातील एल एखिदोच्या आसपास हजारो हेक्टरवर पसरलेली प्लॅस्टिकची हरितगृहे. उत्तर युरोपातील बाजारांत हिवाळ्यात दिसणारे टोमॅटो, काकड्या आणि ढोबळी मिरच्या मोठ्या प्रमाणात येथून जातात. पाऊस नाही म्हणजे ढग नाहीत आणि ढग नाहीत म्हणजे डिसेंबरातही भरपूर ऊन, असे हे गणित आहे. पाणी मात्र भूगर्भातून, दूरच्या खोऱ्यातून किंवा समुद्राचे गोडे करून आणावे लागते.

पूर्व किनाऱ्यावर शरद ऋतूत एवढे भयानक पूर का येतात?

स्पेनच्या पावसाविषयीचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे.

व्हॅलेन्सिया, आलिकान्ते, मुर्सिया आणि कॅटलोनियाचा किनारा अटलांटिकच्या आवर्तांच्या दृष्टीने मागच्या बाजूला आहे; पश्चिमेकडून येणारा वारा तेथे पोहोचेपर्यंत कोरडा झालेला असतो. सेव्हिलमध्ये संततधार सुरू असताना आलिकान्तेत लख्ख ऊन असणे, यात काहीच अनैसर्गिक नाही. या किनाऱ्याला पाऊस देतो तो भूमध्य समुद्रावरून येणारा पूर्वेचा वारा, ज्याला तेथे ‘लेवांते’ म्हणतात.

उन्हाळाभर तापलेला भूमध्य समुद्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही उबदार असतो आणि त्यावरील हवेत बाष्प भरपूर असते. याच काळात उंचावरील पश्चिमी वाऱ्यांच्या झोताला मोठी वळणे पडू लागतात. कधीकधी अशा वळणातील थंड हवेचा भाग मुख्य झोतापासून तुटतो आणि स्पेनवर किंवा उत्तर आफ्रिकेवर एकटाच अडकून राहतो. त्याला पुढे ढकलणारा झोतच उरलेला नसल्यामुळे तो एकाच जागी दोन-तीन दिवस घुटमळतो. वर अतिशय थंड हवा आणि खाली उबदार, ओलसर हवा अशी स्थिती निर्माण झाली की वातावरण कमालीचे अस्थिर होते. त्यात किनाऱ्यालगतचे डोंगर समुद्राच्या वाऱ्याला वर चढवतात आणि गडगडाटी ढगांची रांग एकाच खोऱ्यावर तासन्‌तास पुन्हा पुन्हा तयार होत राहते. सामान्य लोक याला ‘गोता फ्रिया’, म्हणजे थंड थेंब, म्हणत आले आहेत. हवामानशास्त्रज्ञ ‘दाना’ हे संक्षिप्त नाव वापरतात. प्रत्येक दाना पूर आणत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पुष्कळशा साध्या सरी देऊन विरून जातात.

३ नोव्हेंबर १९८७ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतातील ओलिवा येथे चोवीस तासांत ८१७ मिमी पाऊस नोंदला गेला. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच प्रांतातील तुरीस येथे चोवीस तासांत सुमारे ७७२ मिमी पाऊस पडला, आणि त्यातील १८४.६ मिमी एका तासात. हा स्पेनमधील एका तासाच्या पावसाचा उच्चांक आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला होता. त्याच्याशी तुलना करताना एवढे लक्षात ठेवावे की मुंबईच्या वार्षिक पावसाचा तो अर्ध्याहून कमी भाग होता. तुरीसमध्ये एका दिवसात पडलेले पाणी व्हॅलेन्सिया शहराच्या दीड वर्षाच्या सरासरीहून अधिक होते.

२०२४ च्या पुरात ज्या गावांत फारसा पाऊस नव्हता, तेथे एवढी जीवितहानी कशी झाली?

पाऊस आतील डोंगराळ भागात, तुरीस आणि चिवा यांच्या परिसरात पडला. माणसे मात्र खाली सपाटीवरील पायपोर्ता आणि कातारोखासारख्या दाट वस्तीच्या गावांत मोठ्या संख्येने दगावली. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ‘राम्बला’. वर्षातील बहुतेक दिवस कोरडा असलेला आणि डोंगरावर पाऊस झाला की अल्पावधीत तुडुंब वाहणारा हा ओढा पूर्व किनाऱ्यावर सर्वत्र आढळतो. कोरडे पात्र पाहून लोक निर्धास्त होतात, शेजारी घरे बांधतात, वाहने उभी करतात. पोयो नावाच्या राम्बलातून आलेल्या लोंढ्याने त्या संध्याकाळी ही गावे बुडवली. एकूण मृतांची संख्या दोनशेहून अधिक झाली. राष्ट्रीय हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिलेला असताना मोबाइलवरचा सार्वजनिक इशारा रात्री आठ वाजून गेल्यावर पोहोचला, यावरून तेथे मोठा राजकीय वाद झाला आणि तो रास्तच होता.

व्हॅलेन्सियाचे मूळ शहर या वेळी बरेचसे वाचले. १४ ऑक्टोबर १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह शहराच्या दक्षिणेने नव्या, रुंद पात्रात वळवण्यात आला होता. जुन्या पात्रात आज कित्येक किलोमीटर लांबीचे उद्यान आहे. नव्या पात्राच्या दक्षिणेकडील गावांना मात्र असे कवच नव्हते.

उन्हाळ्यात कोठेच पाऊस पडत नाही का?

पडतो, पण आपल्या वळिवासारखा : दुपारपर्यंत ऊन, मग ढगांचे मनोरे, विजा, गारा आणि तासाभराचा जोरदार पाऊस. पिरेनीज पर्वतात आणि तेरुएलच्या डोंगराळ भागात अशी वादळे नेहमीची आहेत. पूर्व पिरेनीजमधील काही खोऱ्यांत तर उन्हाळा हाच पावसाचा मुख्य काळ असतो. ७ ऑगस्ट १९९६ रोजी अशाच एका वादळाने पिरेनीजमधील बिएस्कास येथे ओढ्याच्या मुखाशी वसवलेले तंबूस्थळ वाहून गेले आणि ८७ जणांचा बळी गेला.

काही वर्षे ओली आणि काही वर्षे दुष्काळी का जातात?

पश्चिम आणि दक्षिण स्पेनपुरते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. आइसलँडजवळील कमी दाब आणि अझोर्सजवळील जास्त दाब यांच्यातील फरक हिवाळ्यात कमीजास्त होत राहतो. फरक मोठा असला की आवर्ते उत्तर युरोपकडे जातात आणि स्पेन कोरडा राहतो. फरक कमी झाला किंवा उलटला की आवर्तांचा मार्ग दक्षिणेकडे सरकतो आणि पोर्तुगालपासून अँडालुसियापर्यंत धो धो पाऊस पडतो. २०१८ आणि २०२५ चे मार्च महिने असेच विलक्षण ओले गेले. भूमध्य किनाऱ्याचे नशीब या झोक्याशी तितकेसे बांधलेले नाही.

त्यामुळे देशाच्या एका भागात दुष्काळ आणि दुसऱ्या भागात मुबलक पाणी, हे चित्र वारंवार दिसते. १ फेब्रुवारी २०२४ रोजी कॅटलोनियाची धरणे १६ टक्क्यांच्या खाली गेली. बार्सिलोनासह सुमारे ६० लाख लोकांच्या प्रदेशात दुष्काळी आणीबाणी जाहीर झाली आणि पाणीपुरवठ्याची मर्यादा माणशी दररोज २०० लिटरवर आणली गेली. त्याच हिवाळ्यात गॅलिसियात पाण्याची चिंता नव्हती.

अशा बेभरवशाच्या पावसावर शेती आणि शहरे कशी चालतात?

साठवणीवर. स्पेनच्या धरणांची एकूण क्षमता सुमारे ५६ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ १,९८० टीएमसी आहे; कोयनेची क्षमता १०५ टीएमसी आहे, हे लक्षात घेतल्यास आवाका कळेल. पाण्याचे वर्ष तेथे १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३० सप्टेंबरला संपते, कारण उन्हाळ्याच्या अखेरीस धरणे सर्वांत रिकामी असतात. नद्यांचा कारभार प्रांतांच्या सीमेनुसार नव्हे, तर खोऱ्यांनुसार चालतो. एब्रो खोऱ्याचे मंडळ १९२६ मध्ये स्थापन झाले. १९७९ पासून ताहो नदीचे पाणी कालव्याने आग्नेयेकडील सेगुरा खोऱ्यात नेले जाते आणि त्यावरून देणाऱ्या व घेणाऱ्या प्रदेशांत वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. पाणी वळवले की वाद आलाच, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

व्हॅलेन्सियात याहून जुनी एक व्यवस्था अजून जिवंत आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाटांच्या पाण्याचे न्यायालय भरते, शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोंडी सुनावणी करतात आणि तेथल्या तेथे निकाल देतात. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

बेटांवर पाऊस कसा असतो?

बालेआरिक बेटांचा क्रम भूमध्य किनाऱ्यासारखा आहे : शरद ऋतूत सर्वाधिक, जुलैत जवळजवळ शून्य. कॅनरी बेटे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ असल्याने त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे ईशान्य व्यापारी वारे डोंगरांच्या उत्तर उतारावर ढग अडकवतात आणि दक्षिण उतार कोरडा ठेवतात. त्यामुळे तेनेरीफे बेटाच्या उत्तरेला ओलसर वने आणि दक्षिणेला निवडुंग दिसतात.

हवामान बदलामुळे स्पेनमधील पाऊस कमी होत आहे का?

वार्षिक बेरजेत वर्षावर्षांतील चढउतारच इतके मोठे आहेत की त्यातून एक सरळ रेषा काढणे कठीण आहे. तापमानाबाबत मात्र शंका नाही. उष्णता वाढल्याने जमिनीतून आणि धरणांतून बाष्पीभवन वाढते, म्हणून तेवढाच पाऊस पडूनही हाती लागणारे पाणी कमी होते. दुसरीकडे, तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पडेल तेव्हाचा पाऊस अधिक जोराचा होण्याकडे कल असतो. एकाच प्रदेशाला दुष्काळ आणि पूर या दोन्हींची तयारी करावी लागते ती यामुळे.

प्रवासाचे नियोजन करताना काय लक्षात घ्यावे?

उत्तर किनाऱ्याला कोणत्याही महिन्यात हलका रेनकोट जवळ ठेवावा. अँडालुसियासाठी एप्रिल-मे हे महिने उत्तम असतात, मात्र सेव्हिलमध्ये पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरपूर्वीच्या आठवड्यातील) मिरवणुका पावसामुळे रद्द होण्याचे प्रसंग येतात. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पूर्व किनाऱ्यावर असाल, तर राष्ट्रीय हवामान संस्थेचे पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांतील इशारे रोज पाहावेत. लाल इशारा असल्यास तळघरातील वाहनतळात गाडी काढायला उतरू नये, कोरड्या दिसणाऱ्या राम्बलातून वाहन नेऊ नये आणि आपल्या डोक्यावर ऊन आहे एवढ्यावरून धोका टळल्याचे गृहीत धरू नये.